फ्रेंच सिनेमा पाहिलेला वर्ग

यातलं थोडं मी एकदा इंग्रजीत बोलले आहे, एका बंद खोलीत, सात जणांसमोर. आता मराठीत लिहिते आहे. माझं मराठी शाळेतलं नाही. पुण्यात मी इंग्रजी माध्यमात होते आणि पंधराव्या वर्षी आई-बाबांबरोबर ऑकलंडला आले. घरात बोलतो ते आणि आईच्या कपाटातल्या पुस्तकांतून उचललेलं, एवढंच माझ्याकडे आहे. चुकलं तर चुकलं.

२०१७ साली मी शिक्षक होण्याचं एक वर्षाचं प्रशिक्षण घेत होते. त्यातले सात आठवडे एखाद्या शाळेत काढायचे असत. मला हेन्डरसनच्या पलीकडची एक शाळा मिळाली. आम्ही राहायचो त्या अवोन्डेलहून सकाळच्या ट्रेनने जायचे, स्टेशनपासून वीस मिनिटं चालायचे. ज्यांच्या हाताखाली मला दिलं होतं त्या पन्नाशीच्या होत्या, इंग्रजी शिकवायच्या. इथे मुलं सगळ्याच शिक्षिकांना मिस म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना बाई म्हणायचे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

पहिले काही आठवडे मला शिकवायचं नव्हतं. वर्गाच्या मागे कोपऱ्यात बसून दर पाच मिनिटांनी कागदावर नोंद करायची: बाई काय करतात, मुलं काय करतात. हे काम मला आवडलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि मला सगळे दिसत होते.

वर्ग सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा. त्यात एक मराठी मुलगी होती. हजेरीतल्या आडनावावरून मला कळलं, आणि तिला माझ्या आडनावावरून. पहिल्याच दिवशी मी हळूच विचारलं होतं, "मराठी का?"

"हो मिस," ती इंग्रजीत म्हणाली. "म्हणजे, माझी मम आहे."

त्यानंतर आमच्यात मराठी शब्द निघाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी एक फ्रेंच सिनेमा दाखवायला घेतला. पॅरिसमधल्या एका शाळेवरचा, मोठं पारितोषिक मिळालेला. आमच्या कॉलेजातही त्याचा उल्लेख दोनतीनदा झाला होता. चार तासांत तुकड्या-तुकड्याने तो पाहिला. पडदे ओढलेले, हीटरचा आवाज, आणि खाली पिवळ्या अक्षरांत इंग्रजी.

"मिस, ह्यात काही होतच नाहीये," पुढून कोणीतरी म्हणालं.

"थांब जरा."

"मिस, हे तर आम्हीच आहोत. फक्त फ्रेंच."

"तुमच्यापेक्षा बरे आहेत," बाई म्हणाल्या. "ते निदान वही तरी आणतात."

वर्ग हसला. बाईंना विनोद जमायचे, आणि मुलांना त्या मनापासून आवडायच्या. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

सिनेमाला संगीत जवळजवळ नव्हतं. मी हिंदी सिनेमांवर वाढलेली. कुठे घाबरायचं ते संगीत सांगतं अशी मला सवय. इथे कोणी काही सांगत नव्हतं, त्यामुळे मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घाबरलेलीच होते. त्यातला मास्तर चांगला माणूस आहे. मुलांशी वाद घालायला त्याला आवडतं, आणि बोलून सगळं सुटेल असं त्याला वाटतं. मग एक दिवस रागाच्या भरात त्याच्या तोंडून नको तो शब्द जातो. तिथून पुढे सगळे नियमाप्रमाणेच वागतात आणि तरी सगळं घसरत जातं. पडदे उघडले तेव्हा बाहेर पाऊस थांबला होता आणि मैदानावरच्या पाण्यात सीगल उभे होते. मुलं डोळे चोळत होती. मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडावंसं वाटलं.

तेवढ्यात त्या मुलीने हात वर केला. "मिस, त्या मुलांना माहीत होतं का, कॅमेरा कुठे आहे ते?"

"माहीत असणारच. पण चार दिवसांनी विसरलीही असतील. माणसं विसरतात."

तिने ते वहीत लिहून घेतलं. बाकी कोणी काही लिहीत नव्हतं.

बाईंनी गृहपाठ दिला: त्या कॅमेऱ्याने पाहिलं असतं तसं आपल्या वर्गाकडे पाहा. जे दिसेल ते मांडा, सजवू नका.

"लिहायचंच का, मिस?" तीच मुलगी.

"कसंही करा. पण खरं असू दे."

पुढच्या सोमवारी मला तिच्या बाकावर कापडी कंपासपेटी दिसली. चेन अर्धी उघडी आणि फटीतून फोनची कडा. विसरली असेल, असं मला वाटलं. बुधवारी ती पेटी खिडकीच्या कठड्यावर होती, बाईंच्या टेबलाकडे तोंड करून. गुरुवारी पुढच्या खिडकीत, तोंड आमच्याकडे. मी नोंदी करत होते. दहा वाजून पाच मिनिटं: बाई फळ्याशी. दहा वाजून दहा मिनिटं: दोन मुलं कुजबुजतात. पेटीबद्दल मी काही लिहिलं नाही.

त्याच गुरुवारी मी पेटीकडे बघत असताना तिने मला पकडलं. ती घाबरली नाही, लपवालपवी केली नाही. माझ्याकडे बघून नुसती थांबली, परवानगी मागताना थांबतात तशी. मी मान खाली घालून कागदावर वेळ लिहिली.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"तू तिथे पास व्हायला गेली आहेस ना?" आई म्हणाली. "मग आपण कशाला मध्ये पडायचं? त्यांची शाळा, त्यांची पोरं."

"ती आपल्यातलीच आहे."

"मग तर मुळीच पडू नकोस. आपल्या लोकांत बोभाटा व्हायला वेळ लागत नाही."

मला हेच ऐकायचं होतं. म्हणूनच मी आईला विचारलं असणार.

मंगळवारी दिवसभर पाऊस होता. खिडक्या बंद, काचांवर वाफ. बाईंचा घसा बसला होता आणि सकाळपासून दोन वर्गांत त्यांचं भांडण झालं होतं. मागच्या बाकावरची एक उंच मुलगी डोकं टेकून झोपली होती. ती पहाटे उठून धाकट्या भावंडांचं आवरून शाळेत यायची, हे सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही. बाईंनी तिला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती डोकं न उचलताच काहीतरी पुटपुटली, आणि दोघं-तिघं हसले.

"तू इथे असलीस काय आणि नसलीस काय," बाई म्हणाल्या, "मला खरंच काही फरक पडत नाही."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खिडकीकडे बघायची हिंमत झाली नाही.

तास संपल्यावर बाई त्या उंच मुलीच्या बाकाशी गुडघ्यांवर बसल्या आणि बराच वेळ तिची माफी मागत राहिल्या. ते मी पाहिलं. तोवर कंपासपेटी दप्तरात गेली होती.

शनिवारी चित्रफीत इंटरनेटवर आली. चार मिनिटांची. मी ती माझ्या खोलीत दार लावून पाहिली. सांगायला नको वाटतं, पण ती सुंदर होती. खुर्च्यांचे पाय, शाई लागलेली बोटं, खिडकीबाहेरचे सीगल, जांभई देणारा एकजण, हसताना हातांनी तोंड झाकणारी एकजण. संगीत नव्हतं. शेवटी ते टेकलेलं डोकं आणि बाईंचं ते वाक्य. त्यानंतर काळी चौकट.

मी ती पुन्हा पाहिली, स्वतःला शोधण्यासाठी. गुरुवारच्या त्या कोनातून मी दिसायलाच हवी होते, थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. चौकट जिथे माझा कोपरा सुरू होतो तिथे कापलेली होती. सगळा वर्ग त्यात होता, मी तेवढी नव्हते. मला हायसं वाटलं, आणि मग लक्षात आलं. तिने मला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं.

सोमवारपर्यंत ती सगळ्या शाळेने पाहिली होती. बाई रजेवर गेल्या. परवानगीशिवाय वर्गाचं चित्रण करून ते जाहीर करणं हा मोठा गुन्हा धरला गेला, आणि मुलीला घरी बसवलं. इथल्या शाळांवर पालकांनी निवडून दिलेली समिती असते. मुलीला परत घ्यायचं की कायमचं काढायचं, ते ती ठरवणार होती. शाळा तिच्या हातातून जाणार होती किंवा राहणार होती. मधलं काही नव्हतं.

उपमुख्याध्यापिका मला जिन्यात भेटल्या. "तू तिच्या आईची भाषा बोलतेस ना? वडील इथे नाहीत, आणि मुलीने स्वतःच आईसाठी भाषांतर करणं नियमात बसत नाही. समितीपुढे येशील?"

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

गुरुवारी दुपारी चार वाजता शाळेच्या पार्किंगमध्ये मुलीची आई भेटली, मी त्यांना काकू म्हणाले. पंजाबी ड्रेसवर जाड जाकीट, पायांत स्पोर्ट्स शूज, हातात स्टीलचा डबा. बोलणं कराडकडचं.

"तुम्हीच का मॅडम? अगंबाई! तू तर हिच्याएवढीच दिसतेस की."

"काकू, मी फक्त भाषांतर करणार आहे."

"हो गं. हे असते तर हेच बोलले असते फाडफाड. पण सासूबाईंचं ऑपरेशन झालं ना, ते गावाकडं गेलेत. मला आपलं दुकानापुरतं येतंय. तू जरा गोड बोल हं माझ्या वतीनं."

"तुम्ही बोलाल तेवढंच मला सांगता येईल."

"मग मीच गोड बोलते," काकू हसल्या.

मुलगी गाडीला टेकून उभी होती. केस ओले, चेहरा पांढराफटक. "मम, प्लीज. लीव्ह इट इन द कार."

"रिकाम्या हातानं जातात का कुणाकडं? बेसनाचे लाडू आहेत, बाँब नाही."

"इट्स नॉट कुणाकडे, मम. इट्स अ हिअरिंग."

डबा आत आलाच. काकूंनी तो टेबलाच्या मधोमध ठेवून झाकण उघडलं. समितीच्या अध्यक्षांनी "किया ओरा" म्हणून सगळ्यांचं स्वागत केलं, आणि डबा हलक्या हाताने, फार नम्रपणे, कागदांपासून दूर सरकवला. ते धंद्याने प्लंबर होते, त्यांची स्वतःची मुलं त्याच शाळेत. वाईट माणूस नव्हता. त्या खोलीत कोणीच वाईट नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

"त्या म्हणतील तेवढंच," त्यांनी मला बजावलं. "स्वतःचं काही घालायचं नाही."

मला ते सोयीचं वाटलं.

बाईंचं पत्र वाचलं गेलं. आपण जे बोललो त्याची लाज वाटते, असं त्यांनी लिहिलं होतं. चित्रण करणाऱ्या मुलीसमोर पुन्हा उभं राहणं सध्या शक्य नाही, असंही. मग अध्यक्षांनी मुलीला विचारलं, "तू चित्रण करते आहेस हे कुठल्या मोठ्या माणसाला माहीत होतं?"

काकूंना तो प्रश्न मराठीत सांगायचं मला सुचलंच नाही.

"नाही," मुलगी म्हणाली. ती टेबलाकडे बघत होती. "कोणालाच नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मग ते काकूंकडे वळले. मुलगी परत आली तर घरून तिच्यामागे कोण उभं राहील, तिच्याबद्दल आईचं काय म्हणणं आहे, ते त्यांना ऐकायचं होतं. यावर बरंच अवलंबून आहे, असं ते स्पष्ट म्हणाले. मी ते सांगितलं.

काकू उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सर, चूक हिचीच आहे," त्या म्हणाल्या.

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"घरी पण ऐकत नाही. सारखा तो मोबाइल. काही बोललं की उलटून बोलते. बाईंच्या पाया पड म्हटलं तर ऐकते का? मी सांगून थकले. आता माझ्या हाताबाहेर गेलीय ती."

मी एकेक वाक्य घेत गेले. शब्द सहज येत होते. इतक्या माणसांसमोर मी कधी इतकं नीट बोलले नव्हते.

"तुम्ही मोठी माणसं. तुम्ही द्याल ती शिक्षा आम्हाला मान्य. माझं काही म्हणणं नाही."

तेही मी सांगितलं. 'हाताबाहेर' आणि 'काही म्हणणं नाही' ऐकल्यावर टेबलाभोवतीच्या पेनांचा आवाज आला. काकू हात जोडून समाधानाने बसल्या.

"ताई."

मी दचकले. मुलगी माझ्याकडे बघत होती. "ताई, ती असं म्हणत नाहीये. सांगा ना त्यांना."

तिच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"काय म्हणाली ती?" अध्यक्षांनी विचारलं.

सात चेहरे माझ्याकडे वळले. "ती माझ्याशी बोलली," मी म्हणाले. "आपल्या विषयातलं काही नाही."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यात तीन खुर्च्या होत्या. मुलगी उभीच राहिली, आमच्याकडे पाठ करून.

"बरं बोलले ना मी?" काकूंनी मला विचारलं. "एकदा पण उलट बोलले नाही. वाद नाही घातला. आता म्हणतील, जाऊ द्या हो, पोरगी हुशार आहे."

मी चौथीत असताना आमच्या वर्गशिक्षिकेने आईला बोलावून तक्रार केली होती. आई म्हणाली होती, तुम्ही दोन रट्टे द्या हिला, मी विचारणार नाही कशाला म्हणून. आणि मग त्या शिक्षिका घाईघाईने म्हणाल्या होत्या, अहो नाही हो, हुशार आहे, तेवढं अक्षर सुधारायला सांगा. आईने खाली पाडायचं आणि शिक्षिकेने उचलून घ्यायचं. मी तिथे उभी होते, मला एका क्षणासाठीही भीती वाटली नव्हती. घरी येताना आईने मला समोसा घेऊन दिला होता.

काकूंनी आपला अर्धा भाग चोख केला होता. उरलेला अर्धा आत बसलेल्यांना ठाऊकच नव्हता. मला ठाऊक होता. दार पाच पावलांवर होतं. दार वाजवून मला म्हणता आलं असतं, की आमच्याकडे आई अशीच विनवणी करते, की ही बाई मुलीसाठी जीव टाकते आहे. आणि म्हणता आलं असतं, की चित्रण मी पाहत होते. एक सांगितलं की दुसरंही सांगावं लागेल, असं मला वाटत राहिलं. स्वतःचं काही घालायचं नाही, हे वाक्य मी मनात घोळवत बसले.

"इतका वेळ का लावतायत?" काकू म्हणाल्या.

"चर्चा करत असतील."

"लाडू खातायत वाटतं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

आत बोलावलं तेव्हा साडेपाच झाले होते. अध्यक्षांचा आवाज हळू होता. हा निर्णय घेताना वाईट वाटतं आहे, ते म्हणाले. पण जिच्यावर प्रत्यक्ष आईचाच ताबा उरलेला नाही, आणि आईनेच जे प्रामाणिकपणे मान्य केलं आहे, त्या मुलीला या शाळेत परत घेण्याची जोखीम समिती पत्करू शकत नाही. दुसरी शाळा शोधायला ते मदत करतील. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आता तू.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चेहऱ्यावर हसू तयार होतं, फक्त निमित्त हवं होतं.

"काकू," मी म्हणाले. इंग्रजीतून मराठीत नेता येईल असं त्यात काही मला दिसेना.

मुलीने खुर्ची सरकवली आणि आईच्या समोर जाऊन खाली बसली. नियम कोणाला आठवला नाही, की आठवूनही कोणी बोललं नाही.

"आई," ती म्हणाली. मम नाही. शब्द शोधत, मोडक्या मराठीत. "मला इथे नाही यायचं आता. दुसरी शाळा. हे लोक हेल्प करणार. सर म्हणाले, मी हुशार आहे. खूप हुशार. म्हणून दुसरी शाळा."

काकूंनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, उठल्या, आणि अध्यक्षांपुढे हात जोडले.

"तुमचे लई उपकार झाले, सर."

"काय म्हणाल्या त्या?" अध्यक्षांनी मला विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"त्या तुमचे आभार मानतात," मी म्हणाले.